कोलारची सोन्याची खाण: शोधापासून टाळ्यापर्यंत

केजीएफ हे नाव आज बहुतेकांना सिनेमामुळे माहीत आहे. २०१८ साली आलेल्या कन्नड चित्रपटाने ते घराघरांत पोहोचवले. पडद्यावरची कथा काल्पनिक होती. त्यात दिसणारे करड्या-पांढऱ्या मातीचे ओसाड डोंगर मात्र खरे आहेत. कर्नाटकात, बेंगळुरूच्या पूर्वेला साधारण शंभर किलोमीटरवर कोलार गोल्ड फील्ड्स नावाचे शहर आहे. १२० वर्षे तिथल्या जमिनीतून सोने निघत होते. या काळात ८०० टनांहून अधिक सोने बाहेर आले. २००१ सालच्या फेब्रुवारीअखेरीस खाण बंद झाली. सोने गेले, कंपनी गेली. शहर आणि डोंगर तिथेच राहिले.

कोणतीही खाण काही ठरावीक टप्प्यांतून जाते, असे खाणकामाची पुस्तके सांगतात. आधी शोध. मग सापडलेले खनिज काढणे परवडेल का, याची चाचणी. त्यानंतर विहिरी, बोगदे, रस्ते, वीज, पाणी, वस्ती यांची उभारणी. मग उत्पादन. साठा आटला किंवा काढणे परवडेनासे झाले की खाण बंद करणे. आणि सगळ्यात शेवटी जमिनीची, पाण्याची आणि माणसांची घडी पुन्हा बसवणे. कोलारचा इतिहास या क्रमाने वाचला तर एक गोष्ट स्पष्ट दिसते. इथे प्रत्येक टप्प्याला कोणी ना कोणी मालक होता. शेवटच्या टप्प्याला तो मिळाला नाही.

नकाशाच्या आधीचे सोने

कोलारचा परिसर म्हैसूरच्या इतिहासात आधीपासून महत्त्वाचा होता. हैदर अलीचा जन्म याच जिल्ह्यातल्या बुदिकोटेचा. त्याच्या वडिलांची, फतेह मुहंमद यांची कबर कोलार शहरात आहे. १७९९ मध्ये श्रीरंगपट्टणम पडले, टिपू सुलतान लढता लढता मारला गेला आणि इंग्रजांनी म्हैसूरचे राज्य आखडून वोडेयर घराण्याला परत दिले. राज्य नव्याने कापले म्हणजे सीमाही नव्याने आखायला हव्यात. या मोजणीच्या कामावर लेफ्टनंट जॉन वॉरन नावाचा अधिकारी १८०२ मध्ये कोलारच्या पूर्वेकडच्या भागात आला.

इथल्या मातीत सोने सापडते, अशी गावकऱ्यांत चर्चा होती. ती वॉरनच्या कानावर गेली. त्याने बक्षीस जाहीर केले. मारिकुप्पम आणि आसपासच्या गावांतले लोक माती घेऊन आले आणि त्याच्यासमोर ती धुऊन सोन्याचे कण काढून दाखवले. वॉरनने पुढे जुने खड्डेही पाहिले. माणसे दिव्याच्या उजेडात अरुंद विवरांतून खाली उतरत, दगड फोडून टोपलीतून हातोहात वर देत, बायका तो दगड कुटून भुकटी करत आणि ती भुकटी पाण्यात धुतली जाई. हे सगळे त्याने अहवालात लिहिले आणि तो अहवाल छापला गेला.

इतिहासाच्या पुस्तकांत कोलारच्या सोन्याचा 'शोध' वॉरनच्या नावावर नोंदला जातो. त्याने केलेले काम महत्त्वाचे होतेच, पण ते शोधाचे नव्हते, नोंदीचे होते. ठिकाण गावकऱ्यांना ठाऊक होते, पद्धत त्यांचीच होती आणि खड्डे त्यांच्या पूर्वजांनी खणलेले होते. सरकारी कागदावर मात्र त्यांच्यापैकी एकाचेही नाव आले नाही. खाणकामाच्या पहिल्या टप्प्यात असे बऱ्याचदा होते. स्थानिकांकडची माहिती फुकटात किंवा किरकोळ बक्षिसावर घेतली जाते आणि ज्याच्या सहीने ती कागदावर येते, त्याच्या नावाने ती ओळखली जाते.

परवाना, पैसा आणि निराशा

वॉरननंतर जवळपास सत्तर वर्षे फारसे काही घडले नाही. अधूनमधून पाहण्या झाल्या, पण मोठे भांडवल कोणी लावले नाही. मग १८७१ मध्ये मायकल लव्हेल नावाचा आयरिश निवृत्त सैनिक बेंगळुरूच्या छावणीत येऊन राहिला. तो न्यूझीलंडमधल्या माओरी युद्धात लढला होता आणि तिथली सोन्याची खोदाई त्याने पाहिली होती. वॉरनचा जुना अहवाल त्याच्या वाचनात आला. बैलगाडीने तो कोलारच्या बाजूला फिरला, जुने खड्डे पाहिले आणि सरकारकडे परवाना मागितला.

तेव्हा म्हैसूरच्या गादीवर राजा होता, पण हातात कारभार नव्हता. १८३१ पासून १८८१ पर्यंत राज्य ब्रिटिश कमिशनर चालवत होते. म्हणजे या जमिनीखालच्या सोन्याचा पहिला आधुनिक परवाना ज्यांनी दिला, ते जनतेचेही नव्हते आणि राजाचेही नव्हते. १८७५ मध्ये लव्हेलला वीस वर्षांचा पट्टा मिळाला. त्याने उरगावजवळ एक विहीर खणायला घेतली.

दुसरा टप्पा, म्हणजे चाचणी, हा पैसे खाणारा टप्पा असतो. जमिनीत सोने आहे हे कळणे वेगळे. ते किती खोल आहे, एका टन दगडात किती ग्रॅम आहे, शीर किती लांब जाते हे कळणे वेगळे. ते कळेपर्यंत फक्त खर्च होतो, उत्पन्न शून्य. लव्हेलकडे तेवढा पैसा नव्हता. दोनच वर्षांत त्याने आपले हक्क मद्रासच्या काही लष्करी अधिकाऱ्यांच्या मंडळाला देऊन टाकले. बेंगळुरूमधला लव्हेल रोड आजही त्याच्या नावाने ओळखला जातो.

त्या अधिकाऱ्यांनाही हे ओझे पेलवले नाही. १८८० मध्ये जॉन टेलर अँड सन्स ही इंग्लंडमधली खाण अभियंत्यांची पेढी मैदानात उतरली. याच सुमारास दक्षिण भारतातल्या सोन्याचे लंडनच्या शेअर बाजाराला वेड लागले होते. वायनाडच्या डोंगरांत सोने आहे म्हणून डझनावारी कंपन्या निघाल्या, शेअर विकले गेले, यंत्रे आली आणि थोड्याच वर्षांत बहुतेक बुडाल्या. कोलारमध्येही तसेच होणार अशी चिन्हे होती. म्हैसूर गोल्ड मायनिंग कंपनीचे भांडवल संपत आले आणि भागधारक कंपनी गुंडाळायला निघाले.

उरलेल्या थोड्या पैशात शेवटचा प्रयत्न करायचा ठरले. कॅप्टन प्लमर हा खाण अधिकारी इथे आला. त्याने गावकऱ्यांच्या जुन्या खोदकामांकडे लक्ष दिले. पूर्वीच्या लोकांनी जिथे खणले, तिथेच सोने असणार, आणि त्यांना जिथे पाणी, हवा किंवा अवजारे अपुरी पडली, तिथून खाली ते अजून शिल्लक असणार, असा हा सरळ हिशेब होता. त्या जुन्या कामांच्या खाली गेल्यावर १८८३-८४ च्या सुमारास गारगोटीची ती शीर लागली, जिला पुढे चॅम्पियन लोड म्हणतात. कोलारचे सगळे वैभव मुख्यतः या एका शिरेवर उभे राहिले. म्हणजे लंडनच्या भागधारकांना ज्याने वाचवले तो नकाशा अखेर मारिकुप्पमच्या अनाम खोदकऱ्यांचाच होता.

उभारणी

तिसरा टप्पा उभारणीचा. खाणकामाच्या भाषेत 'डेव्हलपमेंट' म्हणजे सोन्यापर्यंत पोहोचण्यासाठी केलेले सगळे खोदकाम आणि बांधकाम. आधी शाफ्ट, म्हणजे खोल उभी विहीर. तिच्यातून माणसे आणि दगड पाळण्याने वरखाली जातात. ठरावीक अंतरावर त्या विहिरीतून आडवे बोगदे काढायचे. बोगद्यांतून शिरेपर्यंत जायचे आणि मग शीर टप्प्याटप्प्याने पोखरायची. वर आलेला दगड लोखंडी मुसळांच्या गिरणीत कुटायचा, पाऱ्याने सोने पकडायचे आणि जे सुटेल ते सायनाईडच्या द्रावणात विरघळवून काढायचे. सायनाईडची पद्धत १८८७ मध्ये स्कॉटलंडमध्ये निघाली आणि काही वर्षांतच कोलारला आली. तिच्यामुळे हलक्या दगडातलेही सोने हाती येऊ लागले. पण सोने काढल्यानंतर उरणाऱ्या बारीक मातीचे ढीग साठू लागले, ते तेव्हापासूनच.

खाणीभोवती एक अख्खे शहर उभे राहिले. १८९४ मध्ये बंगारपेठहून रेल्वेचा फाटा आला. १८९१ च्या जनगणनेत इथली लोकसंख्या सात हजारांच्या आसपास होती, १९०१ मध्ये ती अडतीस हजारांवर गेली. खाणीच्या यंत्रांना लाकूड आणि कोळसा पुरेना, म्हणून म्हैसूर सरकारने कावेरीवर शिवनसमुद्र इथे जलविद्युत केंद्र उभारले. दिवाण शेषाद्री अय्यर यांच्या कारकिर्दीतला हा प्रकल्प. ३० जून १९०२ रोजी वीज कोलारला पोहोचली. साधारण १४७ किलोमीटर लांबीची ती वीजवाहिनी त्या काळी जगातल्या सर्वांत लांब वाहिन्यांपैकी होती. बेंगळुरूच्या रस्त्यांवर विजेचे दिवे लागले ते १९०५ मध्ये. राजधानीच्या आधी वीज खाणीला मिळाली, कारण तिचा ठरलेला ग्राहक तिथे होता.

पण खाण विजेच्या आधी माणसांवर चालते. ती माणसे मुख्यतः तमिळ मुलखातून, उत्तर अर्काट आणि आसपासच्या जिल्ह्यांतून आली. दुष्काळ आणि जातीची गुलामी या दोन्हींतून सुटण्यासाठी दलित कुटुंबे इथे आली. तेलुगू भागातूनही लोक आले. इंग्लंडच्या कॉर्नवॉलमधून आणि इटलीतून कुशल खाणकामगार आणले गेले. पहाऱ्यावर पंजाबी होते. वरच्या टेकाडावर साहेबांचे बंगले, क्लब, गोल्फचे मैदान. खाली मजुरांच्या चाळींच्या ओळी, ज्यांना आजही 'लाइन' म्हणतात. सुरुवातीला त्या बांबूच्या तट्ट्यांच्या झोपड्या होत्या. एका खोलीत अख्खे कुटुंब. कोलारला 'छोटे इंग्लंड' म्हणत, पण ते वरच्या टेकाडापुरतेच खरे होते.

उत्पादन आणि त्याची किंमत

१९०५ हे कोलारच्या उत्पादनाचे शिखर. त्या एका वर्षात सुमारे १९ टन सोने निघाले. सुरुवातीच्या काळात एका टन दगडातून चाळीस ग्रॅमहून जास्त सोने मिळे. म्हैसूर सरकारला त्यावर साधारण पाच टक्के रॉयल्टी मिळत होती. संस्थानाच्या तिजोरीत ती मोठी भर होती. लाभांश लंडनला जात होता.

शीर तिरकी होत खोल जात होती, म्हणून खाणही खोल गेली. चॅम्पियन रीफची खाण तीन किलोमीटरपेक्षा जास्त खोलीवर पोहोचली आणि जगातल्या सर्वांत खोल खाणींत तिची गणना झाली. तिथे दगडाचे तापमान साठ अंशांच्या वर असे. वरून थंड हवा सोडल्याशिवाय माणूस उभा राहू शकत नव्हता. दुसरा धोका दगड फुटण्याचा. खालून दगड काढत गेले की वरच्या डोंगराचा भार उरलेल्या खांबांवर येतो. तो सहन झाला नाही की दगड स्फोटासारखा फुटतो. कोलारचे लोक त्याला 'एअरब्लास्ट' म्हणत. जमिनीवरची घरे हादरत आणि खाली कामावर कोण आहे, हे आठवून बायका शाफ्टच्या तोंडाकडे धावत.

अपघात दिसतो तरी. धूळ दिसत नाही. गारगोटी फोडताना उडणारी बारीक धूळ वर्षानुवर्षे फुप्फुसात साचते आणि सिलिकोसिस होतो. दम लागतो, खोकला येतो, माणूस वाळत जातो. पुष्कळदा त्याला क्षय समजले जाई. म्हैसूर सरकारने १९४० मध्ये सिलिकोसिसची नोंद करणे बंधनकारक केले. त्यानंतरच्या काही वर्षांत साडेसात हजारांवर कामगार तपासले गेले आणि त्यांतल्या चाळीस टक्क्यांहून अधिक लोकांना हा आजार असल्याचे दिसले. भारतात सिलिकोसिसची ही पहिली मोठी नोंद. खाण सुरू होऊन तोवर साठ वर्षे झाली होती.

मालकांना मात्र वेगळीच चिंता होती. सोने चोरीला जाते, ही. त्यासाठी कडक कायदे झाले, झडत्या झाल्या. १९३० मध्ये प्रत्येक कामगाराच्या बोटांचे ठसे घेऊन त्याला नोंदणीचा दाखला देण्याची योजना आली. ठसे गुन्हेगाराचे घेतात, आमचे का, असा कामगारांचा प्रश्न होता. हजारो कामगारांनी काम थांबवले आणि तीन आठवडे खाणी ठप्प झाल्या. त्यांच्याकडे तेव्हा मान्यताप्राप्त संघटनाही नव्हती. १९४६ च्या नोव्हेंबरमध्ये पोलिसांच्या गोळीबारात कामगार मारले गेले. त्यांची आठवण कोलारमध्ये अजून काढली जाते.

या कामगारांनी स्वतःचे असेही काही उभारले. पंडित अयोतीदास यांच्या शाक्य बौद्ध संघाची एक महत्त्वाची शाखा विसाव्या शतकाच्या सुरुवातीला मारिकुप्पममध्ये होती. खाणीत उतरणारे तमिळ दलित तिथे बौद्ध धम्माची, शिक्षणाची आणि जातिमुक्तीची चर्चा करत होते. नागपूरच्या १९५६ च्या धम्मदीक्षेआधी चार-पाच दशके हे घडत होते. मराठी वाचकांना हा धागा फारसा माहीत नाही, तो माहीत व्हायला हवा.

मुंबईशीही या खाणीचे एक नाते आहे. टाटा मूलभूत संशोधन संस्थेच्या शास्त्रज्ञांना विश्वकिरणांचा गोंगाट पोहोचणार नाही अशी जागा हवी होती. कोलारच्या पोटात, दोन किलोमीटरहून अधिक खोलीवर ती मिळाली. १९६५ मध्ये जपान आणि इंग्लंडमधल्या शास्त्रज्ञांसोबत त्यांनी तिथे वातावरणात निर्माण होणारे न्यूट्रिनो टिपले. जगात हे पहिल्यांदा करून दाखवणाऱ्या दोन गटांपैकी तो एक होता. १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला हे प्रयोग थांबले, कारण खोल भाग एकेक करून बंद होऊ लागले होते.

उताराचा काळ

स्वातंत्र्य आले तेव्हा खाणीचा उत्तम काळ मागे पडला होता. १९५६ च्या अखेरीस म्हैसूर सरकारने खाणी ताब्यात घेतल्या. १९६२ मध्ये त्या केंद्राकडे, अर्थमंत्रालयाकडे गेल्या आणि १९७२ मध्ये भारत गोल्ड माइन्स लिमिटेड ही सरकारी कंपनी झाली. कामगारांच्या दृष्टीने राष्ट्रीयीकरण हा मोठा विजय होता. टेकाडावरचा साहेब गेला, आपले सरकार आले.

पण आपल्या सरकारलाही खाणीकडून आधी सोनेच हवे होते. परकीय चलनाची टंचाई होती. कोलारचे सोने बराच काळ आंतरराष्ट्रीय नाणेनिधीच्या अधिकृत भावाने सरकारकडे जमा होत राहिले, आणि तो भाव देशातल्या बाजारभावापेक्षा खूप कमी होता. म्हणजे कागदावर खाण तोट्यात जात होती, त्यातला काही तोटा हिशेबाच्या पद्धतीने निर्माण केलेला होता. त्या वर्षांत खऱ्या बाजारभावातला काही हिस्सा बाजूला ठेवला असता, तर खाण बंद करण्याचा निधी तेव्हाच उभा राहिला असता. तसा विचार कोणी केला नाही.

दुसरे कारण भूगर्भाचे होते, त्याला कोणाचा इलाज नव्हता. शेवटच्या काळात एका टन दगडातून तीनएक ग्रॅम सोने निघत होते. तेही तीन किलोमीटर खोलीवरून, पाणी उपसत, हवा थंड करत. तोटा वाढत गेला. १९९२ मध्ये प्रकरण आजारी उद्योगांसाठीच्या बीआयएफआर या मंडळाकडे गेले. यंत्रे जुनी होत गेली, नवी भरती थांबली, आणि २००१ च्या फेब्रुवारीअखेरीस खाण बंद झाली. तेव्हा साडेतीन-चार हजार कामगार शिल्लक होते. एके काळी ही संख्या तीस हजारांच्या घरात होती.

बंद करणे आणि टाळे लावणे

खाण बंद करणे हे एक काम आहे. शाफ्टची तोंडे कायमची बुजवावी लागतात, नाहीतर माणसे-जनावरे त्यात पडतात. उपसा थांबला की बोगद्यांत पाणी भरते, ते कुठे जाईल आणि त्यात काय मिसळेल हे पाहावे लागते. टाकाऊ मातीचे ढीग धरून ठेवावे लागतात; त्यांवर माती टाकून झाडे लावावी लागतात, पावसाचे पाणी वळवावे लागते. कामगारांची देणी, घरांचे हक्क, दवाखाना, शाळा, पाणीपुरवठा यांची जबाबदारी कोणाकडे जाणार, हे आधी ठरवावे लागते. या सगळ्याला पैसा लागतो आणि तो खाण कमावती असतानाच बाजूला काढावा लागतो. बंद खाण एक रुपयाही कमवत नाही.

कोलारमध्ये यांतले फार थोडे झाले. पंप थांबले आणि शेकडो किलोमीटर बोगद्यांत पाणी भरले. खाणीचे मोठे रुग्णालय बंद पडले. सिलिकोसिस झालेल्या माणसांना त्या आजाराची माहिती असलेले डॉक्टर ज्या एका ठिकाणी मिळत, ते ठिकाणच गेले. कामगार संघटना कोर्टात गेल्या. पुढची अनेक वर्षे खाण विकायची की चालवायची, कोणी घ्यायची, देणी कशी द्यायची यावर खटले चालले. २०१३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने जागतिक निविदा काढायला वाट मोकळी करून दिली. तेवढ्याने खाण पुन्हा सुरू झाली नाही.

आणि ते ढीग. सुमारे ३ कोटी ३० लाख टन बारीक माती, तेरा डोंगरांत साठलेली. गावात त्यांना 'सायनाईड डंप' म्हणतात. उन्हाळ्यात वारा सुटला की ही माती घरांत, पाण्याच्या भांड्यांत, मुलांच्या डोळ्यांत जाते. पावसाळ्यात ओघळ खाली उतरतात. सोन्यासाठी खाली उतरलेल्या आजोबांच्या छातीत जी धूळ गेली, तीच आता वर राहणाऱ्या नातवंडांच्या अंगणात आहे.

आपल्या देशात खाणमालकाने खाण बंद करण्याची योजना आधीच सादर करावी आणि त्यासाठी आर्थिक हमी द्यावी, असा नियम २००३ मध्ये आला. कोलार बंद झाल्यानंतर दोन वर्षांनी. कोळशाच्या खाणींसाठी तशा सूचना २००९ मध्ये निघाल्या. म्हणजे शंभराहून अधिक वर्षे चाललेल्या, देशातल्या सर्वांत प्रसिद्ध खाणीला हा नियम कधी लागूच झाला नाही. जॉन टेलरच्या काळात तो नव्हता, म्हैसूर सरकारच्या काळात नव्हता, केंद्राच्या काळातही नव्हता. मालक बदलत गेले आणि प्रत्येकाने शेवटचे काम पुढच्यावर ढकलले.

केजीएफचे लोक मात्र थांबले नाहीत. रोज पहाटे हजारो स्त्री-पुरुष रेल्वेने बेंगळुरूला जातात. कोणी कारखान्यात, कोणी दुकानात, कोणी इमारतींच्या बांधकामावर, कोणी संगणकाच्या कंपनीत. रात्री परत येतात. कंपनीच्या जुन्या लाइनींतली घरे सोडायची त्यांची तयारी नाही, कारण चार पिढ्यांची वस्ती ही त्यांची एकमेव मालमत्ता आहे. पुनर्वसनाचा टप्पा इथे कोणी आखला नाही. जेवढा झाला, तेवढा लोकांनी रेल्वेच्या पासवर केला.

पुन्हा पहिला टप्पा

२०२४ मध्ये कर्नाटक मंत्रिमंडळाने या तेरा डोंगरांतून उरलेले सोने काढण्याच्या केंद्राच्या प्रस्तावाला संमती दिली. सोन्याचा भाव इतका चढला आहे की, एका टनात एक ग्रॅमपेक्षा कमी सोने असलेली माती धुणेही आता परवडते. वॉरनसमोर गावकऱ्यांनी माती धुतली, त्याला दोनशेहून अधिक वर्षे झाली. चक्र पुन्हा मातीवर येऊन थांबले आहे.

याचे स्वागत करायला हरकत नाही. रोजगार येईल, ढीग हलतील. पण ढीग हलवताना धूळ उडणार. धुतलेली माती पुन्हा कुठेतरी साठवावी लागणार. ती कुठे, कशावर, कोणाच्या देखरेखीखाली, याचे उत्तर काम सुरू होण्याआधी लोकांना मिळाले पाहिजे. मिळणाऱ्या पैशातला ठरावीक वाटा रुग्णालयाला, पाण्याला आणि घरांच्या पट्ट्यांना जाईल, हे करारात लिहिलेले असले पाहिजे. पहिल्या टप्प्यात ज्यांचे नाव कागदावर आले नाही, त्यांचे नाव निदान या वेळी यावे.

हा प्रश्न एकट्या कोलारचा नाही. गोव्यात लोहखनिजाचे खड्डे पाण्याने भरून उभे आहेत. चंद्रपूर आणि यवतमाळकडे कोळशाच्या खाणींभोवती मातीचे डोंगर वाढत आहेत. गडचिरोलीत लोहखनिजाची खोदाई जोरात सुरू झाली आहे. नवी खाण येते तेव्हा किती रोजगार, किती गुंतवणूक, किती उत्पादन याची चर्चा होते. जनसुनावणीत लोकांनी आणखी एक प्रश्न विचारायला हवा: ही खाण बंद होईल त्या दिवशी इथे कोण असेल, आणि त्याच्या खिशात किती पैसे असतील? मालकाकडे याचे लेखी उत्तर असेल, तर बाकीचे टप्पे पुढे न्यावेत. नसेल, तर आधी ते उत्तर लिहून घ्यावे.